सायन्सच्या पेपरात मोठी उत्तरं कशी लिहायची (दहावीवाल्यांनी वाचाच)

दहावीचं सायन्स म्हटलं की पोरं ऑब्जेक्टिव्हला घाबरत नाहीत, जोड्या-बिड्या पण होऊन जातात, गाडी अडकते ती मोठ्या उत्तरांपाशी. आणि येत नसतं म्हणून अडकते असं पण नाही. तोंडी विचारा, घडाघडा सांगतील. तेच कागदावर लिहायला दिलं की तीन मार्काच्या प्रश्नाला दीड ओळ, नाहीतर मग अख्खं पान भरून काढतात आणि त्यात कामाचं एवढंसं. आमच्या कोकण बोर्डाचा निकाल दरवर्षी राज्यात वर असतो, त्याचं कौतुक आहेच, पण तो पास होणाऱ्यांचा टक्का झाला, सायन्सला चाळीसपैकी पंचवीस पडले का अडतीस ते त्यात दिसत नाही. मला बोलायचंय ते त्या मधल्या तेरा मार्कांबद्दल.

आधी पेपर कसा असतो ते डोक्यात पक्कं करा. भाग १ आणि भाग २ असे दोन पेपर, प्रत्येकी ४० मार्क, वेळ २ तास. पहिला प्रश्न १० मार्कांचा, पर्याय आणि एका ओळीचं काम. उरलेले ३० मार्क लिखाणाचे. त्यात शास्त्रीय कारणं दोन (४ मार्क), दोन-दोन मार्कांचे तीन प्रश्न (६ मार्क), तीन-तीन मार्कांचे पाच (१५ मार्क) आणि पाच मार्कांचा एक. म्हणजे पाऊण पेपर हा लिहिण्याचा आहे आणि आपण वर्षभर करतो काय तर पर्यायांचे सराव संच सोडवत बसतो, कारण ते पटकन होतात आणि लगेच बरोबर का चूक कळतं.

मार्क कुठे जातात

तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर असतं आणि त्यात मार्क पायऱ्यांना वाटलेले असतात. तीन मार्कांचा प्रश्न म्हणजे साधारण तीन वेगळे मुद्दे, प्रत्येकाला एक, किंवा बारीक असतील तर अर्धा-अर्धा. तुम्ही एकच मुद्दा तीन वेगळ्या वाक्यांत फिरवून लिहिलात तर पान भरतं, मार्क एकच. उलट पण होतं, डोक्यात तिन्ही मुद्दे असतात पण मधला इतका सोपा वाटतो की 'हे काय लिहायचं, सरांना माहितीच असणार' म्हणून गाळला जातो. सरांना माहितीये हो. पण ते सरांचा पेपर तपासत नाहीयेत, तुमचा तपासतायत.

वहाळावरच्या साकवाची मधली फळी काढली तर दोन्ही टोकं कितीही भक्कम असू देत, पलीकडे जाता येत नाही. उत्तराचं तसंच आहे. कारण लिहिलं, परिणाम लिहिला, आणि कारणाने परिणाम कसा झाला ते लिहिलंच नाही. बहुतेक हुशार पोरांचे मार्क इथेच जातात, बाकी हस्ताक्षर, समास, मार्जिन वगैरे नंतरच्या गोष्टी.

शास्त्रीय कारणापासून सुरुवात करू

दोन मार्कांचा प्रश्न घेऊ: पावसाळ्यात किनारपट्टीवर कपडे लवकर वाळत नाहीत, शास्त्रीय कारण लिहा. आपल्याकडे हे कोणाला माहीत नाही, जुलैत दांडीवरचा शर्ट दोन दिवस ओलाच असतो. तर बहुतेकांचं उत्तर असं येतं: 'पावसाळ्यात हवा दमट असते आणि ऊन नसते म्हणून कपडे वाळत नाहीत.' यात चूक काही नाही, पण हे तर घरातली आजी पण सांगेल. सायन्स कुठाय? दमट हवा इकडे, ओला शर्ट तिकडे, मधे काय घडतं ते नाहीये.

आता हे बघा: 'कपडे वाळतात ते त्यातील पाण्याचे बाष्पीभवन होऊन. ठराविक तापमानाला हवेत बाष्प सामावून घेण्याची मर्यादा असते. पावसाळ्यात किनारपट्टीवरील हवेची सापेक्ष आर्द्रता जास्त असते, म्हणजे हवा संपृक्त अवस्थेच्या जवळ असते. त्यामुळे ती आणखी फार बाष्प सामावून घेऊ शकत नाही व बाष्पीभवनाचा वेग कमी होतो. म्हणून कपडे लवकर वाळत नाहीत.'

पाच-सहा ओळी, पाच-सहा मिनिटं. 'सापेक्ष आर्द्रता', 'संपृक्त', 'बाष्पीभवनाचा वेग' हे तीन शब्द आले, आणि नुसते पेरले नाहीत तर एकाला एक धरून आले. शेवटची 'म्हणून...' वाली ओळ लिहायची पद्धत आहे, लिहा, पण त्या ओळीला स्वतःचा मार्क आहे असं समजू नका, ती प्रश्नातलीच ओळ आहे. पुष्कळ पोरं प्रश्न एकदा वरती उतरवून काढतात, एकदा खाली, आणि मधे एक वाक्य. पेपरभर हेच केलं की चार-पाच मार्क असेच गेले.

स्वतःचं उत्तर तपासायची युक्ती सोपी आहे. लिहिलेल्या प्रत्येक दोन वाक्यांच्या मधे बोट ठेवायचं आणि विचारायचं 'का?' किंवा 'ते कसं काय?' जिथे मनात उत्तर येतंय पण कागदावर नाहीये तिथे एक वाक्य राहिलंय.

जे आपण कधी बघितलंच नाही त्याची कारणं लिहिताना ही युक्ती जास्त लागते. थंड प्रदेशात हिवाळ्यात जलवाहिन्या फुटतात, हा प्रश्न सरावाला असतोच असतो. आपल्याकडे बर्फ फक्त मच्छीच्या पेटीत, त्यामुळे पोरं अंदाजाने लिहितात की थंडीने पाईप आकसतो आणि फुटतो. नाही. पाणी ४ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होताना आकुंचन पावतं, पण त्याच्या खाली गेलं की प्रसरण पावायला लागतं, हे पाण्याचं असंगत आचरण. ० अंशाला त्याचा बर्फ होतो तेव्हा आकारमान आणखी वाढतं. पाईपच्या आतली जागा तेवढीच, म्हणून आतून भिंतीवर प्रचंड दाब येतो आणि पाईप फुटतो. 'असंगत आचरण' हा शब्द आणि ४ अंश हा आकडा, दोन्ही लिहा. आणि 'आतली जागा तेवढीच' हे पण लिहा, तेच सगळे गाळतात.

तीन मार्कांना साखळी लांब होते

समुद्राजवळच्या घरांच्या लोखंडी खिडक्या-गेट लवकर गंजतात, हे स्पष्ट करा आणि उपाय सांगा. 'खाऱ्या हवेमुळे' एवढं लिहून सुटका नाही. गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात हा पहिला मुद्दा. लोखंडाच्या पृष्ठभागावर काही भाग धनाग्र आणि काही भाग ऋणाग्र होतात, धनाग्रापाशी लोहाचा अणू दोन इलेक्ट्रॉन गमावून आयन होतो, ऋणाग्रापाशी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो, हा दुसरा, आणि खरा मार्क इथे आहे, दोन्ही अभिक्रिया समीकरणाने लिहिल्यात तर आणखी बरं. पुढे लोहाच्या आयनांचं आणखी ऑक्सिडीकरण होऊन तांबूस रंगाचं सजल फेरिक ऑक्साईड बनतं, तोच गंज. किनाऱ्यावर हवेतल्या ओलाव्यात क्षार मिसळलेले असतात, क्षारांमुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि ही अख्खी क्रिया वेगाने होते. मग उपाय: रंग किंवा ऑईलचा थर देऊन हवा-पाण्याचा संपर्क तोडणे, आणि जस्तविलेपन, म्हणजे आपले गॅल्वनाईज्ड पत्रे. प्रत्येक उपायासमोर 'त्याने काय होतं' ते चार शब्दांत लिहायचं, नुसती नावं ठोकायची नाहीत.

बघा, 'खारी हवा' हा मुद्दा शेवटून आला. पोरं त्यानेच सुरू करतात आणि त्यावरच संपवतात. प्रश्नात जी गोष्ट खास दिलेली असते (इथे समुद्र) ती उत्तरात यायलाच हवी, पण मूळ क्रिया सांगून झाल्यावर, नाहीतर ती लटकते.

प्रश्नाच्या शेवटचा शब्द वाचा. खरंच वाचा. 'नावे लिहा' असेल तर नावं लिहा, स्पष्टीकरण नको, वेळ जातो. 'स्पष्ट करा' म्हणजे कसं आणि का दोन्ही. 'सोदाहरण' असेल तर उदाहरणाला मार्क आहे, ते नसेल तर तो मार्क गेला, मग वरती कितीही छान लिहा. 'आकृतीसह' मधे आकृतीला मार्क आहे. प्रश्नाला दोन शेपट्या असतात बऱ्याचदा, '...म्हणजे काय? त्याचे दोन उपयोग लिहा', आणि दुसरी शेपटी घाईत विसरली जाते, म्हणून प्रश्नपत्रिकेवर त्या शब्दांवर मनातल्या मनात बोट ठेवून पुढे जा.

उदाहरणं, म्हणजे गणितं

इथे मार्क सगळ्यात स्वस्त आहेत आणि तरी जातात. समजा असं आलं: २० मीटर उंचीच्या माडावरून १.५ किलोग्रॅम वस्तुमानाचा नारळ खाली पडला, तो जमिनीवर किती वेळात आणि किती वेगाने पोचेल? जी ची किंमत १० मीटर प्रति सेकंद वर्ग घ्या.

पहिलं काम, दिलेलं सगळं मांडून घ्या: सुरुवातीचा वेग शून्य (नारळ सुटून पडलाय, कोणी फेकलेला नाही, हे आपलं आपल्याला लिहायचंय, प्रश्नात नसतं), अंतर २० मीटर, त्वरण १०. मग सूत्र: एस बरोबर यू टी अधिक अर्धा जी टी स्क्वेअर. मग किंमती घाला: २० बरोबर अर्धा गुणिले १० गुणिले टी स्क्वेअर, म्हणजे टी स्क्वेअर ४, टी २ सेकंद. मग वेग: व्ही बरोबर यू अधिक जी टी, म्हणजे २० मीटर प्रति सेकंद. शेवटी एका ओळीत पूर्ण उत्तर, एककासकट.

ते १.५ किलो कुठे गेलं? कुठेच नाही. मुक्त पतनात वेळ आणि वेग वस्तुमानावर अवलंबून नसतात, तो आकडा तुम्हाला चकवायला ठेवलाय. दिलेला प्रत्येक आकडा वापरलाच पाहिजे असं पोरांना वाटतं आणि मग ते कुठेतरी दीडने गुणून मोकळे होतात.

मार्क पायरीला असतात, त्यामुळे शेवटचा आकडा चुकला तरी सूत्र आणि किंमती बरोबर असतील तर बरंचसं पदरात पडतं. पण नुसतं 'उत्तर २ सेकंद, २०' असं लिहिलं, मधलं काही नाही आणि एकक पण नाही, तर तपासणाऱ्याने द्यायचं कशाला? कच्चं काम करायचं तर त्याच पानावर बाजूला रेघ मारून करा, ते दिसलेलं चांगलं.

आकृत्या

पेन्सिल, टोक काढलेली. नावांच्या रेघा पट्टीने, शक्यतो सगळ्या उजवीकडे, एकमेकींना न छेदणाऱ्या. शेडिंग करत बसू नका, ड्रॉइंगचा पेपर नाहीये तो. प्रकाशाच्या आकृतीत किरणांवर बाण हवेतच, बाण नसेल तर ती नुसती रेघ झाली. आणि भिंगाच्या प्रश्नात आकृती काढून थांबायचं नाही, तिच्याखाली प्रतिमेच्या तीन गोष्टी लिहायच्या: स्थान, आकार, स्वरूप. बहिर्वक्र भिंगासमोर वस्तू टू एफ वन वर असेल तर प्रतिमा टू एफ टू वर, वस्तूएवढीच, वास्तव आणि उलटी. बास. ही तिसरी गोष्ट, वास्तव का आभासी, सुलट का उलटी, ही हमखास राहते.

भाग २ मधे पेशीविभाजनाला पण हेच. सूत्री विभाजनाचे चार टप्पे आले तर चार छोट्या आकृत्या आणि प्रत्येकीखाली त्या टप्प्याची ओळख पटवणारी एकच घटना: पूर्वावस्थेत गुणसूत्रं आखूड-जाड होऊन दिसायला लागतात, मध्यावस्थेत ती पेशीच्या मधोमध रांगेत येतात, पश्चावस्थेत त्यांचे दोन भाग होऊन विरुद्ध टोकांना खेचले जातात, अंत्यावस्थेत दोन्हीकडे नवी केंद्रकं तयार होतात. क्रम चुकला तर सगळंच चुकलं, म्हणून आधी चार नावं ओळीने लिहून घ्या, मग भरा.

फरक लिहिताना

टेबल करा, मधे उभी रेघ, ते सगळ्यांना माहितीये. जे माहीत नसतं ते हे की डाव्या-उजव्या बाजूला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं असतं. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं घ्या, जयगडला कोळशावर वीज होते आणि अंजनवेलला नैसर्गिक वायूवर. पोरं डावीकडे लिहितात 'कोळशाने प्रदूषण जास्त होते' आणि त्याच्यासमोर उजवीकडे 'टर्बाईन वापरतात'. हा फरक नाही, दोन वेगळ्या बातम्या झाल्या. आधी मनात मुद्दा ठरवा, मग दोन्ही बाजू भरा. इंधन: कोळसा, नैसर्गिक वायू. टर्बाईन कशाने फिरतं: पाण्याची वाफ, ज्वलनातून आलेला जास्त दाबाचा तप्त वायू. कार्यक्षमता: कमी, जास्त. प्रदूषण: राख आणि गंधकाची ऑक्साईड्स, वायूमधे गंधक नसल्यात जमा म्हणून प्रदूषण कमी. (अंजनवेलला त्या तप्त वायूची उरलेली उष्णता वापरून वर वाफेचं टर्बाईन पण फिरवतात, पण परीक्षेत तेवढ्या खोलात शिरू नका, पुस्तकातलं लिहा. जास्तीची माहिती आहे म्हणून ती उत्तरात कोंबायची नसते.)

पाच मार्कांचा

दोनपैकी एक सोडवायचा असतो. इथे आवडता धडा कोणता ते बघू नका, कशाचे मुद्दे मोजून पाच होतायत ते बघा. खूपदा प्रश्नाच्या पोटात अ, ब, क असे उपप्रश्न असतात, म्हणजे त्यांनीच तुमचे मार्क वाटून दिलेत, तेव्हा उत्तरात पण तीच अक्षरं घालून वेगवेगळं लिहा, सगळ्याचा एक निबंध करू नका.

आणि उपप्रश्न नसतील तर आपणच पाडायचे. जलविद्युत केंद्राचं कार्य स्पष्ट करून फायदे-तोटे लिहा, असं आलं समजा. कोयनेचं पाणी सह्याद्रीतून बोगद्यांनी इकडे पोफळीच्या बाजूला उतरतं आणि वीज करून वाशिष्ठीला मिळतं, चिपळूणच्या पोरांना हे सांगायला नको, सहलीला जाऊन आलेली असतात. पण सहलीचं वर्णन लिहायचं नाही. तपासणाऱ्याला हवाय तो ऊर्जेचा प्रवास: धरणात उंचावर साठवलेल्या पाण्याची स्थितिज ऊर्जा, ते खाली येताना गतिज ऊर्जा, त्या पाण्याने टर्बाईन फिरतं, टर्बाईनला जोडलेलं जनित्र फिरून विद्युत ऊर्जा. हे आधी बाण काढून एका ओळीत मांडा, मग तेच तीन-चार वाक्यांत. बाणांची ओळ आधी काढली की पायरी गाळायची भीतीच राहत नाही, म्हणून मी तर म्हणेन की पाच मार्कांच्या कुठल्याही क्रियेच्या प्रश्नाला आधी बाणच काढायचे. मग साधी नामनिर्देशित आकृती. फायदे दोन: इंधन जळत नाही त्यामुळे धूर-राख नाही, आणि धरणात पुरेसं पाणी असेल तर हवी तेव्हा वीज करता येते. तोटे दोन: जमीन-जंगल पाण्याखाली जातं आणि माणसं विस्थापित होतात, नदीतल्या जीवसृष्टीवर परिणाम होतो. उदाहरण कोयना, १९६० मेगावॅट. झालं, यात पाच मार्कांचा मजकूर आहे, आणि दीड पानाच्या वर जात नाही.

आपण जे भोगलंय ते लिहिताना सावध

हा मुद्दा खास आपल्याकडच्या पोरांसाठी. आपत्ती व्यवस्थापनाचा धडा आला की आपली पोरं सुटतात. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडच्यांच्या घरावरून गेलंय, जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर कोणाच्या दुकानात होता, कोणाच्या माळ्यापर्यंत. लिहायला बसलं की पत्रे उडाले, पोफळी झोपल्या, किती दिवस लाईट नव्हती, पाणी कुठपर्यंत आलं, सगळं येतं. आणि ते खरं असतं, मनापासून असतं, वाचताना तपासणाऱ्याच्या पण पोटात कालवतं. पण मार्क देताना तो शोधतो पूर्वतयारी, प्रतिसाद, पुनर्निर्माण. ते शब्दच नसतात.

म्हणून जे बघितलंय ते टाकून नका देऊ, त्याला टप्प्यांत बसवा. हवामान खात्याचा इशारा, बोटींना समुद्रात जायला बंदी, कच्च्या घरातल्या लोकांना शाळेत हलवणं, ही पूर्वतयारी आणि सज्जता. वादळ किंवा पूर आल्यावर माणसं बाहेर काढणं, जेवण-पाणी-औषधं, रस्त्यावरची झाडं तोडून वाट मोकळी करणं, हा प्रतिसाद. पंचनामे, नुकसानभरपाई, विजेचे खांब परत उभे करणं, बागा नव्याने लावणं, हे पुनर्निर्माण. संज्ञा आधी, तिचा अर्थ एका वाक्यात, आणि मग 'उदा.' करून आपलं. गाईडमधलं तेच ते उदाहरण सगळ्यांच्या पेपरात असतं, तुमचं वेगळं आणि खरं असेल तर तपासणारा थांबून वाचतो. पण एक ओळ, जास्तीत जास्त दोन.

मच्छीबाजारात पण अभ्यास होतो

प्राण्यांचं वर्गीकरण पाठ होत नाही म्हणून रडणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो की आईबरोबर रविवारी बाजारात जा. कोळंबी आणि कुर्ली: पाय सांध्यांचे, अंगावर कायटिनचं कवच, संधिपाद. तिसऱ्या, कालवं आणि माकूल: अंग मऊ, मृदुकाय. (माकुलाला बाहेरून शिंपला दिसत नाही तरी तो मृदुकायच, इथे फसतात.) बांगडा-सुरमईचा सांगाडा हाडांचा आणि मोरीचा (म्हणजे शार्कचा) कास्थींचा, दोन्ही मत्स्य वर्गात. किनाऱ्यावर पडलेला तारामासा मासा नाहीच, कंटकचर्मी. वेळासला अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले कासव सरीसृप.

पण पेपरात नाव ओळखून भागत नाही, लक्षण लिहावं लागतं. डॉल्फिन पाण्यात राहतो तरी त्याला मासा म्हणत नाहीत, कारण द्या. 'तो हुशार असतो' हे कारण नाही (असं लिहिणारे असतात). डॉल्फिन फुप्फुसांनी श्वसन करतो, मासे कल्ल्यांनी. डॉल्फिन उष्णरक्ती, बहुतेक सगळे मासे शीतरक्ती. डॉल्फिनची मादी पिल्लांना जन्म देते आणि दूध पाजते, म्हणून तो सस्तन वर्गात. प्रत्येक लक्षणाला दोन्ही बाजू लिहिल्यात बघा, डॉल्फिनचं काय आणि माशाचं काय. 'का नाही' असं विचारलं की तुलना आपोआप येते, ती एका बाजूने लिहिली तर अर्धी राहते.

वेळेचं गणित

१२० मिनिटं, ४० मार्क, म्हणजे मार्काला ३ मिनिटं. दोनाला ६, तीनाला ९, पाचाला १५. ऑब्जेक्टिव्ह १५ मिनिटांत उरकलं की १५ मिनिटं वाचतात, ती शेवटी तपासायला ठेवा, चौथा उपप्रश्न सजवायला घालवू नका. तीन मार्कांचे आठपैकी पाच सोडवायचे असतात, तर पहिल्यांदा वाचतानाच पाच निवडून टाका, अर्धं लिहून 'नको, दुसरा घेतो' असं केलं की नऊ मिनिटं वाया. वेळ उरला तर सहावा लिहा पण तो शेवटी, पाच नीट झाल्यावर. प्रश्न क्रमांक आणि उपक्रमांक समासात ठळक, प्रत्येक मोठा प्रश्न नव्या पानावर. पुरवणी घेतली तर बांधायला विसरू नका.

येतच नसेल असा प्रश्न आला तर? कोरा सोडू नका, व्याख्या येते का बघा, सूत्र येतं का, आकृती येते का. अर्धा-एक मार्क त्यालाही पडतो. पण गोष्टी रचून लिहू नका, त्याने काही मिळत नाही आणि वेळ जातो.

आणि सराव कधी, तर पेपर येतात फेब्रुवारी-मार्चात, तेव्हा इकडे आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात आणि पुढे-मागे शिमगा असतोच. पालखी दारात आली, ढोल वाजायला लागले की पुस्तक घेऊन बसणारं पोर मला तरी कोकणात भेटलेलं नाही, आणि बसावं असंही नाही. म्हणून लिहायचा सराव डिसेंबर-जानेवारीतच उरका. रोज एकच तीन मार्कांचा प्रश्न, घड्याळ लावून नऊ मिनिटं, पुस्तक मिटून. मग पुस्तक उघडायचं आणि स्वतःच्या उत्तरात जिथे जिथे मार्क देता येईल तिथे पेन्सिलने टिक करायची. तीन टिका पडल्या तर पुढे. दोनच पडल्या तर राहिलेलं वाक्य लाल पेनाने त्याच जागी, ओळींच्या मधे लिहायचं, खाली वेगळं नाही, म्हणजे ते कुठे राहिलं होतं ते डोळ्यांना दिसतं. भाऊ-बहीण, शेजारचं कोणी दहावीला असेल तर वह्या अदलाबदल करा, दुसऱ्याच्या उत्तरातली गाळलेली पायरी लगेच सापडते, आपल्यातली सापडत नाही. सेमीवाल्यांनी उत्तरं इंग्रजीत लिहायची असली तरी बाणांची ओळ आधी मराठीत मनात जुळवली तर चालतं, पण पेपरात संज्ञा पुस्तकातल्याच. अर्धी मराठी अर्धी इंग्रजी अशी खिचडी नको.